रशियनबाईची शाळा

३ ऑगस्ट १९६१

लिही व ललिता, दवाखान्यातल्या रशियनबाईचा हुकूम आहे. दिवसभर काय घडलं ते सासूनं सांगाचं, सुनेनं लिहाचं. त्यानं म्हणे डोकं जाग्यावर येते. डोकं माझं, त्याची जागा ठाऊक रशियाले.

आधी हे लिही. सेक्टर दहात आमच्या मागं नवीन क्वार्टर बांधून राहिले. मी सरपण वेचून येत होती, वरून वीट आली डोक्यावर. दवाखान्यातून घरी आली तं चुलीवर भात ठेवला अन् अंगणात जाऊन बसली. भात जळला, बाजूचं फडकं जळलं, धूर पाळण्यापर्यंत गेला. नातू आत निजला होता. ललितानं उचलला म्हणून निभावलं.

तवापासून जानराव — पोरगा माझा, रशियानं बांधून देल्लेल्या पोलादाच्या प्लांटात फिटर — म्हणते, "माय, दवाखान्यातून बरी म्हटल्याबिगर चुलीले हात लावाचा नाही." वाघाच्या पिंजऱ्याजवळ जाऊ नको म्हणते तसा.

५ ऑगस्ट

रशियनबाई म्हणजे भुईमुगाच्या ओल्या दाण्यासारखी गोरीगुलाबी. हिंदी बोलते, पण शब्द असे फेकते जसे कोंबड्यायले दाणे. मले मणी ओवाले देल्ले. लाल, मंग हिरवा, मंग लाल. म्हटलं, बाई, माझं लग्न होऊन गेलं, आता हे कोणाच्या गळ्यात घालू? "खराशो," म्हणे. त्यायच्यात चांगल्याले खराशो म्हणते. हुशार दिसते.

६ ऑगस्ट

पुन्हा मणी. मधातला हिरवा सुटला म्हणे. सुटला तं सुटला, पळून कुठं जाते?

९ ऑगस्ट

आज चित्रं. चहाचे एका बाजूले, आंघोळीचे दुसऱ्या बाजूले. एका चित्रात पितळेचा बंब, खाली तोटी. मी तो बादली-साबणाजवळ ठेवला. बाई मान हलवे. "नहीं, माताजी. चाय." म्हटलं, बंबातलं पाणी अंगावर घेते माणूस, पेत नाही. तिनं कागदावर फुली मारली. म्हणे त्यायच्या देशात त्यातूनच चहा काढते. मंग चूक कोणाची? आंघोळीच्या पाण्याचा चहा पेणारे मले शिकवून राहिले.

जानरावचे बाबा बाहेर बाकावर बसले होते. म्हणे, "झाली का पास?"

म्हटलं, "तुमच्यासारखीच." हे दुसरीतूनच घरी आले होते.

१४ ऑगस्ट

पावर हाउसच्या बाजारात गेली. दुकानापुढं उभी राहिली अन् काय घ्याले आली तेच डोक्यातून गेलं. दुकानदाराले म्हटलं, तुह्याजवळ धड माल नाही. परत आली.

ललिता, हे लिहू नको.

२१ ऑगस्ट

आज मोठी परीक्षा. गाव? सांगितलं. पोरगा? जानराव. सून? ही काय, बाजूले बसली.

"पति नाम?"

मी पदर वोढला अन् खाली पाहिलं. बाईनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा खाली. तिनं पेन्सिल उचलली. फुली मारते वाटते, तं ललिता म्हणे, "मॅडम, हमारे में औरत पति का नाम नहीं लेती."

"अच्छा. तुम बोलो."

आता ललितानं पदर वोढला. सासऱ्याचं नाव सून कशी घेईन? दोघी फरशीकडं पाहून बसलो. बाई एकदा इकडं पाहे, एकदा तिकडं. मंग हसत सुटली. "इतना याद, तो सब याद," म्हणे अन् मले बरी लिहून देल्लं.

रशिया हरली. चूल माझी.

२४ ऑगस्ट

भाकरी टाकल्या, पिठलं केलं. जानराव मुकाट्यानं जेवला. ललिता, तुह्या भाकरीले त्याचे जबडे दुखत होते. हेही लिही.

२७ ऑगस्ट

जानरावले सांगू नको.

चुलीपाशी बसल्या बसल्या वाटलं, तोंडानं नाही घ्याचं, पण मनात नाव घ्याले कोणाची बंदी? घेऊन पाहिलं. काहीच आलं नाही. लग्नातल्या बाया आठवल्या, "घे व, घे" म्हणत दार अडवून उभ्या. मी नाव घेतलं तवा त्या खिदळल्या तेही आठवलं. मधातलं नाव तेवढं नाही.

रशियनबाईपुढं पदर वोढला तवाही नव्हतं. मले वाटलं मी रीत पाळून राहिली.

आता तुले विचारलं तं तू लेखणी थांबवून खाली पाहून राहिली. तू तरी काय करशीन, बाप्पा. जानरावच्या गेटपासावर बापाचं नाव आहे म्हणे. मले वाचता कुठं येते.

२८ ऑगस्ट

ह्यायलेच विचारलं. "काय जी, नाव काय तुमचं?"

ह्यायले मस्करी वाटली. म्हणे, "लाटसाहेब."

मी हसली नाही. मंग हे जवळ येऊन बसले. हळूच सांगितलं. मंग आणखी एकदा.

नाव चांगलं आहे. ओळखीचं नाही वाटलं.

ललिता, उद्या चूल तू पेटव. मी रशियनबाईकडं जातो.