कापसामागचा तिसरा कॅमेरा

रंजिता,

तू वावरातून येईस्तोवर मी एसटीनं बाभुळगावले, तुह्या भावाकडे, रोहिदासकडे गेलो असीन.

परवा मोबाइलनं वायफायवरचं सगळं आपोआप शोधलं, तं घरात दोनाच्या जागी तीन कॅमेरे निघाले. तिसऱ्यात नुसतं पांढरं दिसे. कॅमेरे रोहिदासनंच बसवले, म्हणून मी त्याले म्हटलं, तू आमच्यावर चोरून नजर ठेवतं.

आज कापूस उपसला तं कॅमेरा भिंतीवरच सापडला. दिवाळीत राखणीसाठी मीच लावाले सांगतला होता. दर वाढायची वाट पाहता पाहता कापसाची गंजी आढ्याले टेकली अन् मी इसरलो.

भाकरी त्याच्यासाठीही टाकजो. आला तं.

त्यानं परवा एवढंच म्हटलं होतं, "दाजी, कापूस सरकवून पाहा." अन् मी त्याले भरल्या ताटावरून उठवलं.

सुनील