थंडीतलं पाणी

दादा,

बाबांचा निवडुंगासारखा दुर्मिळ युफोर्बिया माझ्याकडे ठेवून तू त्याच्या फांद्या तिकडच्या गारठ्यात नेल्यास. वर फोनवर सारखं तेच, "थंडीत पाणी घालू नकोस, कुजेल." इथल्या थंडीत स्वेटरही लागत नाही. म्हटलं, माझं झाड वाळावं आणि तुझंच उरावं म्हणून हा डाव. मी मुद्दाम पाणी घातलं. बुंधा पिचपिचीत झाला, झाड गेलं. तुला मात्र "मस्त आहे" सांगत राहिले.

आज तुझं पार्सल आलं. आत मुळं धरलेली फांदी. लेबलावर तुझ्या अक्षरात "छोटीसाठी" आणि लावल्याची तारीख, तू गेलास त्याच आठवड्यातली.

म्हणजे मी ऐकणार नाही, हे तू तेव्हाच धरून चालला होतास. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, पण सांग, जास्त संशयी कोण, तू की मी?

छोटी