कळा पडण्याआधी

ती. गुंडोअण्णांस नमस्कार,

मंगळवारी सकाळी मी आंबोलीचा घाट उतरत होतो. धुक्यात दरी दिसत नव्हती, तरी खिडकीचा गज माझ्या हातून सुटत नव्हता. बेंगळुरूहून निघताना विमला म्हणाली होती, "देवीला विचारून या. पण तिलाही म्हणावं, स्वल्प, म्हणजे थोडं, डॉक्टरांचं ऐक."

विमलेच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी कौल घ्यायला, तुमच्या सांगण्याप्रमाणे, कोकणात कुलदेवीकडे गेलो. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलांचे भिजवलेले कळे लावले. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गाऱ्हाणं घालून तो बाजूला झाला आणि मी कळ्यांकडे पाहत राहिलो. घाटातली भीती त्या क्षणापुढे काहीच नव्हती. डावा कळा किंचित सरकल्यासारखा वाटला. ऑपरेशनवाचून विमला वर्षही काढणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. मग देवीनं नाही म्हटलं, तर मी कुणाचं ऐकू?

हात जोडले आणि मागे फिरलो.

"ओ पावणे, वायच थांबा. कळो अजून पडूक नाय," गुरव म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. "तिला नुसतं सांगायला आलो होतो."

परतीच्या गाडीत डोळा लागला नाही. मी पाठ फिरवली, त्याची शिक्षा विमलेला तर होणार नाही ना, एवढाच विचार. कौल काय झाला, असं तुम्ही विचाराल. खोटं मला बोलवणार नाही आणि खरं सांगवणार नाही, म्हणून हे पत्र खिशातच राहील.

आज जयनगरच्या दवाखान्यात नवरा म्हणून संमतीची सही केली. आत्ताच तिला आत नेलं.

तुमचा धाकटा भाऊ,
सुमंत