नानांची गाडी बिदरला न्यायची

६ जानेवारी, मंगळवार
दादाचा बिदरहून फोन. नानांच्या उजव्या डोळ्याची नजर आता गेलीच, डाव्यानेही नुसतं धूसर. "रोज गाडीचं विचारतात. एकदा घेऊन ये गं."
गाडी म्हणजे त्यांची मोटारसायकल. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लेकीच्या आधी तिला घरी आणलं, हे वयाच्या पंच्याऐंशीतही अभिमानाने सांगतात. इथे विद्यानगरला माझ्या जिन्याखाली उभी असते, सुरूही होते. पण चालवत नेण्याला खलीलभाईंचा ठाम नकार. अंबरपेठेतले हे मेकॅनिक वीस वर्षं तिला सांभाळतायत. "चलाके बिदर? नक्को आपा. आधे रस्ते में बैठ जाती."
मग ट्रेलर. त्यांच्या मेव्हण्याचा. ओढायला ख.भाईंची जीप.

८ जाने., गुरुवार
तालीम केली. फळीवरून गाडी ट्रेलरवर चढवली, स्टँडवर उभी केली, हँडलला नायलॉनची दोरी. म्हटलं, गल्लीत एक चक्कर मारून बघू. पहिल्याच स्पीडब्रेकरला स्टँड निसटलं, गाडी धाडकन डावीकडे. टाकीला वाटीएवढा पोचा.
अठ्ठावन्न वर्षांची बाई, भर रस्त्यात रडले. ख.भाईंनी टोपी काढून हातात घेतली. चहासुद्धा नको म्हणाले.
नानांना सांगू? दिसणार तर नाही. पण हात फिरवतीलच…

९ जाने.
सांगून टाकलं.  नाना फोनवर हसायलाच लागले. "स्टँडवर उभी करून बांधली असणार!" बदल्यांच्या दिवसांत तीनदा ट्रकमधून हलवलीये त्यांनी. मी लिहून घेतलं, ख.भाई फोनला कान लावून.
"स्टँड मिटव. पुढचं चाक ट्रेलरच्या भिंतीला टेकव. चाकाला दोन्हीकडून ठोकळे. दोरी नको, आवळायचे पट्टे आण. हँडलला लावून दोन्ही बाजूंनी सारखे खाली ओढा, पुढचे शॉकअप अर्धे दबेपर्यंत. मागे आणखी दोन. मग सीट धरून हलव. ट्रेलरसकट हलली तर बांधलीस. एकटी हलली तर सोड, परत बांध."
ख.भाई : "नानासाब बोले सो करेंगे."

११ जाने., रविवार
सकाळी सातला बांधायला घेतली. दोनदा एकटी हलली. तिसऱ्यांदा अख्खा ट्रेलर डुलला! ख.भाईंनी मला चक्क सलाम ठोकला. रंगाला ओरखडे नकोत म्हणून पट्ट्यांखाली माझी जुनी इरकली. "इत्ती अच्छी साडी आपा!" त्यांनाच जिवावर आलं.
वाटेत पटानचेरूला बघतो तर पट्टे सैल. परत आवळले. झहीराबादच्या अलीकडे पोलिसाने हात केला. मी कागदपत्रं शोधायला लागले. त्याला गाडीसोबत फोटो हवा होता.
दुपारी बिदर. नाना फाटकात उभे. थेट ट्रेलरवर चढायलाच निघाले, दादाने धरलं. टाकीवर हात फिरला, पोच्यापाशी थांबला. "हा तुझा. पलीकडचा माझा." मला माहीतच नव्हतं पलीकडे एक आहे ते.
उतरवली. तिसऱ्या किकला सुरू. नाना खुर्चीत मान खाली घालून ऐकत राहिले. बराच वेळ. मग : "ठिणगीचं टायमिंग जरा मागे आहे." ख.भाई लाजले, लगेच पाना काढला. आता सुंदर आवाज.

१२ जाने., सोमवार
नाना सकाळपासून बूट घालून व्हरांड्यात. "सुधा, तू चालव. मी मागे बसतो. किल्ल्यापर्यंत."
वहिनी : "मुळीच नाही!" दादा : "पडलात म्हणजे?" डॉक्टरांना विचारतो म्हणून फोन लावून बसलाय.
मी शेवटची चालवली ती लग्नाआधी. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आत्ता अंगणात चार चकरा मारल्या. दोनदा बंद पडली. नाना : "पाचवी मार."
मारली. बंद नाही पडली.
वहिनी रागाने आत गेल्या आणि नानांचा मफलर घेऊन बाहेर आल्या.  नानांनी मान पुढे केली, त्यांनी गुंडाळला.
दादाचं फोनवर चाललंय तोवर एवढं लिहून टाकते. ख.भाई फाटकाच्या कडीला हात लावून उभे, माझ्याकडे बघतायत, मी मान हलवली की उघडायला.