बाबांचा नमस्कार

हायडेलबर्ग, गुरुवार संध्याकाळ

सेमिनारमध्ये फ्रेंच प्रतीकवादावर बोलताना एक कविता मराठीत वाचली. अनुवाद बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, त्यांच्या जुन्या वहीतला. तुमचं नाव घेईन, असं त्यांना कबूल केलं होतं. बाबा कोट घालून मागच्या रांगेत बसले होते. प्रोफेसरबाईंनी विचारलं, अनुवाद कुणाचा? मी जर्मनमध्ये म्हणाले, "माझा." का म्हणाले? निर्लज्ज कुठली!

इथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी बाकं वाजवली. बाबांना जर्मन कळत नाही, आणि मागे नीट ऐकूही आलं नसेल. त्यांना वाटलं, मी त्यांचंच नाव घेतलं. ते उठले आणि सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला.

ट्राममध्ये म्हणाले, "बाकं का गं वाजवली?"

"दाद देतात अशी, बाबा."

आता पलीकडच्या खोलीत ते आईंना फोनवर टेबल वाजवून दाखवताहेत.