तुमच्या कानातली गाणी

प्रिय आई,

तुमच्या वर्षश्राद्धाला नुसते हात जोडले, बोलले काहीच नाही. आज लिहितेय, कारण सकाळी वाशीला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. महिनाभर माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजतेय. आणि तिथे तुमच्याबद्दल जे कळलं, ते आता कोणाला सांगू?

बोनकोड्याच्या घरात तुम्हाला लग्नातली गाणी ऐकू यायला लागली ना! एरवी हाक ऐकू यायची नाही, गाणी मात्र स्पष्ट. "कवाची गानी लावलीस गो? बंद कर!" म्हणत तुम्ही स्वयंपाकघरात यायचात. मी बंद मोबाइल दाखवायचे. तुम्ही तो उलटासुलटा करून बघायचात, आणि मग माझ्याकडे.

एकदा तर माझी उशी उसवलीत. आत रेडिओ आहे म्हणे! "माना येरी कराचा बेत हाय हिचा," मी तुम्हाला वेडं करायला निघालेय, असं दारातल्या बायकांना सांगितलंत. किती लागलं होतं मला! पण माझ्या मनात तरी काय वेगळं होतं? ज्या बाईला बोललेलं ऐकू येत नाही, तिला गाणीच बरी ऐकू येतात! मला माहेरी धाडायचं नाटक आहे हे, असंच मी धरून चालले.

ह्यांनीही विचारलं, "खरं सांग, तू मुद्दाम काही लावत नाहीस ना?"

म्हणून तर नणंदा आल्या होत्या त्या दुपारी मी सगळ्यांचे फोन बंद करून टेबलावर ठेवले. टीव्ही बंद, पंखे बंद, मेन स्विचच खाली! "आता सांगा आई, वाजतंय?"

तुम्ही मान कलती करून ऐकलंत. "आता तं जास्तच मोठ्यानी वाजतं."

मी हसले. सगळ्यांदेखत म्हणाले, "बघा, डोकं फिरलंय आईंचं." त्यानंतर तुम्ही गाण्यांचं नाव काढलं नाहीत. मला वाटलं, चोरी पकडली!

आज डॉक्टरबाई सांगत होत्या, कानातला आवाज सगळ्यांचा सारखा नसतो. कोणाला शिट्टी, कोणाला किरकिर, कोणाला नाडीबरोबर धकधक. तसं असेल तर रक्तवाहिन्याही तपासतात. मी भीतभीत विचारलं, "आणि गाणी?"

"येतात की. ऐकू कमी आलं की मेंदू कधीकधी स्वतःच सूर भरतो. हे वेड नव्हे. शांततेत जास्त जाणवतं. ऐकायचं मशीन लावून काहींना आराम पडतो."

मशीन! आम्ही तुम्हाला एकदाही कान दाखवायला नेलं नाही.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. तर हे म्हणाले, "म्हणजे तू खरंच फोन लावत नव्हतीस?"

इतकी वर्षं, आई! एका ताटात जेवणाऱ्या माणसाच्या मनात हा संशय! संताप आला. पण मी कोणत्या तोंडाने रागावू? आणि तुमच्या मनात शेवटपर्यंत काय होतं? मी चमच्याने पाणी पाजत होते तेव्हा माझ्याकडे अशा का बघत होतात?

रविवारी नणंदा येताहेत. जे सगळ्यांदेखत बोलले, ते सगळ्यांदेखतच मागे घेईन. आणि तुमची धाकटी बहीण हल्ली म्हणते, कानात गिरणी चालते. तिची मुलं हसतात. मंगळवारी मीच तिला वाशीला नेणार आहे. आवाज कसा येतो, कधी वाढतो, सगळं विचारीन. आणि ती सांगेल ते, कसंही वाटलं तरी, खरं धरून ऐकेन.

तुमची सून,
सुगंधा