विरघळणारी पट्टी

चेन्नई, १२ जानेवारी

आई, तुला आणि पप्पांना जय भीम.

तुझ्या पायातली स्टीलची पट्टी काढायला पाय दुसऱ्यांदा फाडला, तवाच मी ठरवलं, हाड जुळल्यावर आपोआप विरघळंल अशी पट्टी करायची.

गेल्या महिन्यात आमची पट्टी चाचणीत मोडली. माझे संशोधनाचे सर म्हणाले, "दीक्षा, विषय बदल. तुला झेपायचा नाही." मी तोंडावर सांगितलं, "पट्टी मोडलीया सर, मी न्हाय."

आत रेशमाचे धागे घालून पट्टी नव्यानं केली. काल ती टिकली. सरांनी अहवालावर सही केली. माणसाच्या पायात बसवायला अजून वर्षं लागतील. लागू देत.

फोटोत बारीक दिसले तरी जेवण वेळेवर हाय. थंडीत पाय ठणकतोय का? खरं सांग.

पावणं परत लग्नाचं विचारायला आलं तर चहा दे आणि सांग, पोरगी काम अर्धं टाकून यायची न्हाय.

तुझीच,
दीक्षा